रद्दीत गेलेले हजार खून : मराठी रहस्यकथाकार आणि त्यांचे वाचक



मागच्या व्याख्यानाच्या शेवटी मी म्हणालो होतो, की पुढच्या वेळी सुरुवात एका कबुलीनं करीन. तर ती आधी देऊन टाकतो.

१९८०च्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा तरुण प्राध्यापक, तत्त्वज्ञानात नुकतीच पीएच. डी. मिळालेली, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा समज पक्का होता. जिल्ह्यातल्या एका वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीवर मला घेतलं होतं. वर्षाअखेरीला पुस्तकांची मोजदाद व्हायची आणि फाटकी, जीर्ण पुस्तकं दप्तरातून कमी करायची, म्हणजे निर्लेखित करायची, यादी यायची. त्या वर्षी यादीत दोनेकशे पुस्तकं होती आणि बहुतेक सगळ्या रहस्यकथा. ग्रंथपाल हळूच म्हणाले, "सर, लोक हीच तर मागतात, म्हणून फाटली." मी म्हणालो, "म्हणूनच काढायची. जागा होईल." आणि सही केली. पुस्तकं किलोच्या भावानं रद्दीत गेली.

आता यात रहस्य असं, की ती पुस्तकं मी स्वतः लहानपणी वाचलेली होती. त्याच वाचनालयातून.

आज मला मराठी रहस्यकथाकार या माणसाचा इतिहास सांगायचा आहे. साहित्यसंस्थेच्या बाहेर, विद्यापीठाच्या बाहेर, एकट्यानं लिहिणारा आणि थेट वाचकाच्या जिवावर उभा राहणारा लेखक. पूर्वी तो छोट्या खिशातल्या पुस्तकांत लिहीत होता, आज मोबाइलवर लिहितो. प्रश्न मात्र एकच आहे: त्याचं लेखन कोण सांभाळणार?

आधी थोडं मागे जाऊ. पाश्चात्त्य हेरकथेचा आरंभ साधारणपणे १८४१ साली धरतात, एडगर ॲलन पोच्या 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' या कथेपासून. आपल्याकडे १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली. ती हेरकथा नव्हे, अद्भुतरम्य कादंबरी, पण पुढं काय होणार या उत्सुकतेवर वाचकाला धरून ठेवायचं, हे तिथं आलेलं होतं. त्याच दशकात, १८६८ साली, विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' इंग्लंडमध्ये डिकन्सच्या साप्ताहिकातून क्रमशः छापली गेली. गंमत बघा, त्यातला हिरा आपल्याकडून लुटून नेलेला आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडलं त्या लुटीतला. म्हणजे इंग्रजी रहस्यकादंबरीच्या पायातच हिंदुस्थानातली एक चोरी आहे.

पण आजच्या विषयाला सर्वांत जवळचा माणूस मला उत्तरेत सापडतो. गोपालराम गहमरी. गाझीपूर जिल्ह्यातल्या गहमर या गावात राहून या माणसानं १९०० साली 'जासूस' नावाचं मासिक काढलं. स्वतः लिहायचे, स्वतः संपादन करायचे, स्वतःच वाचकांपर्यंत पोचवायचे. कलकत्ता नाही, मुंबई नाही, एक खेडं. टपालखातं हाच त्यांचा आधार. आज 'स्वतंत्र लेखक' म्हणून ज्याचं कौतुक होतं, तो हाच की नाही?

मराठीत हा संसार उभा केला तो बाबूराव अर्नाळकरांनी. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६, मृत्यू १९९६. झुंझार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा सोबती छोटू, ही त्यांची माणसं. धनंजय-छोटू म्हटलं की होम्स आणि वॉटसन आठवावेत, हे उघड आहे आणि बाबूरावांनी ते लपवलंही नाही. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. हा आकडा नुसता ऐकून सोडू नका. दर आठवड्याला एक पुस्तक, न आजारी पडता, लग्नकार्य, सुतक काही न पाळता, असं धरलं तरी हजार पुस्तकांना एकोणीस वर्षांहून जास्त काळ लागतो. मी आयुष्यभरात लिहिली तीन. त्यातलं एक पीएच. डी.चंच.

त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईक. त्यांचीही संख्या हजाराच्या वर. गोव्यात पत्रकारिता केली, आयुष्यभर लिहिलं, २०२१ साली गेले. सुहास शिरवळकर (१९४८ ते २००३) यांचे बॅरिस्टर अमर विश्वास, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद हे कॉलेजच्या पोरांचे अक्षरशः मित्र होते. नारायण धारप (१९२५ ते २००८) भयकथेकडे गेले. शिरवळकरांच्या 'दुनियादारी'वर २०१३ साली चित्रपट आला आणि २०१८च्या 'तुंबाड'च्या मुळाशी धारपांची कथा होती, तेव्हा कुठं शहरी समीक्षकांनी विचारलं, अरे, हे कोण? वाचनालयाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हा प्रश्न कधीच पडला नव्हता.

हे लेखक चालले कशावर? फिरत्या वाचनालयांवर. चार आळ्या मिळून एक दुकान, दारावर पडदा, आत भिंतभर पुस्तकं. अनामत ठेवायची, रोजाचं भाडं द्यायचं. एक प्रत शंभर हातांतून जायची. लेखकाला मोबदला मिळायचा तो एका प्रतीचा, वाचक मात्र शंभर. आणि या पुस्तकांच्या धंद्यात एकरकमी पैसे घेऊन हस्तलिखित देऊन टाकायची पद्धत सर्रास होती. त्यामुळे लेखक पुढचं पुस्तक लिहायला बसला नाही तर चूल थंड. भरमसाट लिहिण्याला आपण हसतो, तेव्हा हा हिशेब विसरतो. हिंदीत सुरेंद्र मोहन पाठक इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमधली नोकरी सांभाळून लिहीत राहिले. लेखनावर घर चालवणं किती कठीण, हे त्यांना ठाऊक होतं.

आता यवतमाळकडे येतो.

आमच्या यवतमाळनं दोन अखिल भारतीय साहित्य संमेलनं पाहिली. १९७३ साली गदिमा अध्यक्ष होते. २०१९ साली अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या, आणि उद्घाटन झालं ते वैशाली येडे या शेतकरी बाईंच्या हातून. म्हणजे व्यासपीठ कधीकधी मोठं होतं, हे मान्य. २०२१ला नाशिकला विज्ञानकथा लिहिणारे जयंत नारळीकर अध्यक्ष झाले. पण केवळ रहस्यकथाकार म्हणून ओळखला जाणारा लेखक त्या खुर्चीवर आजवर बसलेला नाही. मी तक्रार करत नाही. मीच सही करणारा माणूस आहे, मी कुठल्या तोंडानं तक्रार करू?

मी रहस्यकथा कशी वाचली ते सांगतो. साठच्या दशकात त्या वाचनालयातून एक पुस्तक आणलं. कव्हर नव्हतं, पहिलं पान नव्हतं, आणि शेवटची सातआठ पानंही कुणीतरी फाडून नेली होती. खून झालेला, संशयित पाच, आणि गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो, तिथं पुस्तक संपलं! आम्ही चार मित्र. शाळा सुटल्यावर पऱ्हाट्यांच्या गंजीवर बसून आठवडाभर भांडलो. एक म्हणे दिवाणजी, एक म्हणे पुतण्या. पण अट अशी होती, की जे म्हणायचं त्याला पुस्तकातलं पान दाखवायचं. 'मला वाटतं' चालणार नाही. मंडळी, पुढं मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, पण शिकलो ते त्या गंजीवर.

इथं जरा माझ्या विषयाचं बोलू द्या, फार वेळ घेणार नाही. होम्स सारखा 'निगमन' म्हणतो, डिडक्शन म्हणतो. खरं तर तो निगमन करत नाही. निगमनात आधारविधानं खरी असली की निष्कर्ष खोटा ठरूच शकत नाही. बुटाला चिखल दिसला म्हणून माणूस अमुक रस्त्यानं आला, हे काही तसं नव्हे. चिखल दुसरीकडचाही असेल. परिणाम बघून त्याचं उत्तम कारण सुचवायचं, या तर्काला अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यानं ॲबडक्शन म्हटलं. आणि आपल्या मीमांसकांनी त्याच्या जवळचं एक प्रमाण फार आधी मांडून ठेवलं आहे, अर्थापत्ती. त्यांचं ठरलेलं उदाहरण तुम्हाला माहीत असेल: देवदत्त चांगला धष्टपुष्ट आहे, पण दिवसा जेवत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या. मग मेळ कसा घालायचा? तो रात्री जेवतो, असं मानल्याशिवाय गत्यंतर नाही. आता सांगा, ही रहस्यकथा नाही तर काय आहे? दोन खऱ्या गोष्टी एकमेकींशी भांडतात, आणि तिसरी, न दिसलेली गोष्ट मानली की भांडण मिटतं. सगळी रहस्यकथा या देवदत्ताच्या पोटात आहे.

दोनेक वर्षांपूर्वी एक मुलगी घरी आली. आर्णीकडची. माझी विद्यार्थिनी नव्हे, माझ्या एका विद्यार्थ्याची भाची. एका जिनिंगमध्ये हिशेबाला बसते. म्हणाली, "सर, मी मोबाइलवर खुनाच्या गोष्टी लिहतो. लोकं वाचतेत. पन मामा म्हनते का हे साहित्यात बसत नाही. तुमी सांगा, बसते का?" माझ्या पोटात कालवलं. मी म्हणालो, वाच.

तिनं वाचून दाखवलेली गोष्ट मी थोडक्यात सांगतो, तिच्या परवानगीनं, आणि शेवट सांगणार नाही. जिनिंगचा मापाडी रात्रीतून नाहीसा झालेला आहे. दुसऱ्या प्रकरणात दोन काटापट्ट्या दाखवल्या आहेत, एकाच कापूसगाडीच्या. एक सकाळची, गावाकडच्या काट्यावरची. दुसरी दुपारची, जिनिंगच्या फाटकावरची. वाटेत गाडी तीन तास उन्हात उभी होती. उन्हात कापूस वाळतो, वजन घटायला हवं. पण दुपारच्या पट्टीवर वजन साठेक किलोनं वाढलेलं! तुम्ही म्हणाल, पाणी मारलं असेल. आमच्याकडं हा उद्योग चालतो, नाही म्हणत नाही. सीसीआय ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतच नाही, म्हणून फाटकावर मीटर लावून ओलावा बघतात. तिच्या गोष्टीतही बघितला. कापूस कोरडा. म्हणजे उन्हात वाळलेला, कोरडा, आणि तरी साठ किलोनं जड.

मंडळी, हा आमच्या जिल्ह्यातला देवदत्त आहे. मी खुर्चीत सरसावून बसलो. चाळीस वर्षं वर्गात जे उदाहरण दिलं, ते या मुलीनं मीमांसेचं पानही न उघडता कापसात पुरून ठेवलं होतं.

पुढची हकीकत जास्त महत्त्वाची. ती आठवड्याला एक प्रकरण टाकते. खाली वाचक लिहितात, भांडतात, अंदाज करतात. सहाव्या प्रकरणाला एका वाचकानं खुनी बरोबर ओळखला. हिची झोप उडाली. अजून पाच प्रकरणं बाकी होती. सल्ले आले, खुनी बदलून टाक, कुणाला कळणार आहे? तिनं बदलला नाही. मी विचारलं, का? म्हणाली, "काटापट्टी दुसऱ्या भागातच दाखोली ना सर. आता बदलला त पट्टी खोटी पडते. मंग वाचनाऱ्याले फसोल्यासारखं झालं."

१९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूनं रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यांचं सार हेच: लेखकाजवळ असलेला पुरावा वाचकालाही दिसला पाहिजे. पुढच्या वर्षी, १९३० साली, लंडनमध्ये डिटेक्शन क्लब निघाला. चेस्टरटन पहिले अध्यक्ष, ॲगाथा ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स सभासद. १९३१ साली या मंडळींनी मिळून 'द फ्लोटिंग ॲडमिरल' ही कादंबरी लिहिली. एकानं एक प्रकरण लिहायचं आणि पुढच्याकडं द्यायचं. अट अशी, की मागच्यानं पेरलेला पुरावा टाकून द्यायचा नाही आणि आपल्या मनातलं उत्तर पक्कं असलं पाहिजे. लेखकांनी एकमेकांना धरून राहावं, एकमेकांची चूक दाखवावी, ही कल्पना काही मोबाइलबरोबर जन्मली नाही. मराठीत १९९६ साली 'मायबोली' सुरू झालं, २०१४ साली बंगळुरात 'प्रतिलिपी' निघालं. गावोगावची माणसं तिथं लिहू लागली. मला त्यात पऱ्हाट्यांची गंजी दिसते. फक्त गंजीवर आम्ही चार होतो, तिच्या गंजीवर चार हजार बसतात.

म्हणून मी भावनेच्या भरात सगळंच उत्तम म्हणणार नाही. जुन्या पुस्तकांत कितीतरी ठिकाणी तर्काऐवजी योगायोग आहे, वेषांतर आहे, ऐन वेळी सापडणारं भुयार आहे. नव्या लेखनातही घाई आहे, व्याकरणाची हेळसांड आहे, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी किंचाळी ऐकू आलीच पाहिजे असा नेम आहे. पण वाईट कविता छापल्या म्हणून कुणी कविता रद्दीत घालत नाही. मी रहस्यकथेला तो न्याय दिला नाही. चांगली कोणती, वाईट कोणती हे निवडायचं काम माझं होतं. मी न वाचताच ढीग उचलायला सांगितला. तर्कशास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात. फाटलं म्हणून टाकाऊ. अहो, फाटलं म्हणजे वाचलं!

आता मूळ प्रश्न. सांभाळणार कोण?

गेल्या वर्षी त्या मुलीचा फोन आला. ती ज्या ठिकाणी लिहायची, तिथलं तिचं खातं एके दिवशी उघडेना. नऊ प्रकरणं गेली. तिच्याजवळ नक्कल नव्हती. थेट तिथंच टाइप करायची, जेवणाच्या सुट्टीत. पत्रं लिहिली, उत्तर नाही. मग वाचकांना कळलं, आणि त्यांनी आपापल्या मोबाइलमध्ये काढून ठेवलेली पानं पाठवायला सुरुवात केली. पुसदच्या एकानं तीन प्रकरणं दिली, कुणी दोन. सात प्रकरणं जशीच्या तशी मिळाली. दोन तिनं पुन्हा लिहिली, वाचकांना आठवत होतं त्यावरून. काटापट्टीवरचे आकडेसुद्धा एका वाचकाला पाठ होते.

हे तिच्यापुरतं निभावलं. नेहमी निभत नाही. २००९ साली जिओसिटीज बंद झालं, २०१९च्या शेवटी याहू ग्रुप्सवरचा मजकूर काढून टाकला गेला. तिथं जगभरातल्या माणसांनी वर्षानुवर्षं लिहिलेलं होतं. रद्दीवाला निदान वजन करून पैसे तरी देतो.

कायदा काय म्हणतो? १९५४च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशकानं छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या ग्रंथालयांना द्यायची असते. पण तो छापील पुस्तकांचा कायदा. मोबाइलवरची कादंबरी त्यात येत नाही. दुसऱ्या बाजूला स्वामित्वहक्क. तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. बाबूराव १९९६ साली गेले, म्हणजे त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०५६ अखेरपर्यंत. हक्क असावाच, लेखकाच्या घरच्यांचा तो आहे. पण परिणाम बघा: प्रत जपणारा नाही, आणि हक्कदाराच्या संमतीशिवाय नवी प्रत काढता येत नाही. काही निवडक पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, बाकीच्यांचं काय? २०५७ साली कुलूप उघडेल तेव्हा खोलीत पुस्तक असायला नको का?

म्हणून आज जे लिहितात, त्यांना तीन गोष्टी सांगतो. उपदेश नव्हे, सही केलेल्या माणसाचा अनुभव समजा. एक, आपल्या लेखनाची प्रत आपल्या घरी ठेवा, आणि जमलं तर कागदावर. दोन, हक्क कुणाला देत असाल तर लेखी द्या, आणि किती वर्षांसाठी ते लिहून घ्या. आपल्या कायद्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. पण मुदतीच्या जागी कायमचं असं लिहिलेलं असलं आणि न वाचता तुम्ही होकार दिला, तर मग कोण काय करणार? तीन, पुस्तक पुरं झालं की त्याच्या चारसहा प्रती काढून गावातल्या वाचनालयाला नेऊन द्या. आणि वाचनालयाच्या समितीवर जे बसतात त्यांना हात जोडून सांगतो, फाटक्या पुस्तकाला आधी डिंक लावा, मग सहीचं पेन काढा.

आणि तुम्ही ऐकणारे, वाचणारे. तुमच्या माळ्यावर, काकांच्या पेटीत, बंद पडलेल्या एखाद्या फिरत्या वाचनालयाच्या खोलीत अर्नाळकर असतील, नाईक असतील. दिवाळीच्या साफसफाईत ते काढू नका. कुठलं पुस्तक आहे, कुठल्या वर्षाचं, एवढं एका वहीत लिहून ठेवा. इतिहासाचं साधन म्हणजे ताम्रपटच असतो असं नाही.

त्या मुलीची कादंबरी पुरी झाली. तिनं झेरॉक्सच्या दुकानात बांधून घेतलेली एक प्रत मला आणून दिली. मी ती घेऊन त्या वाचनालयात गेलो, जिथं सही केली होती तिथं. नवीन ग्रंथपाल आहेत, तरुण. त्यांनी दाखलवहीत क्रमांक घातला. मी म्हणालो, जुनी निर्लेखनाची यादी असेल का हो? त्यांनी शोधून काढली. माझी सही बघितली, वळणदार होती. यादीत एका ओळीवर पुस्तकाचं नावच नव्हतं. नुसता शेरा: 'कव्हर नाही, शेवटची पाने नाहीत.'

तेच होतं की नाही, मी पुराव्यानं सांगू शकत नाही. अर्थापत्ती इतकी ताणता येत नाही. खुनी दिवाणजी होता की पुतण्या, हे आता कळायचं नाही. त्या चौघांपैकी आम्ही दोघं उरलो आहोत आणि अजून भांडतो.

प्रश्न असतील तर विचारा. पण पान दाखवून.